नियम क्रमांक चार

हेवा कुणाचा करावा, याची काही रीत असते. श्रीमंताचा करावा, देखण्याचा करावा, जिना चढताना ज्याचे गुडघे वाजत नाहीत त्याचा तर जरूर करावा. मी मात्र गेली दोन वर्षं एका निवृत्त एसटी कंडक्टरचा हेवा करतो आहे, आणि तोही अर्नाळ्याच्या एका म्हातारीपायी.

आमची संस्था छोटी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायचं, गोळ्यांचे डबे बघायचे, ब्लडप्रेशर मोजायचं, दवाखान्याची तारीख असली तर घेऊन जायचं आणि परत आणून सोडायचं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी ती काढली. बायको म्हणते, मला घराबाहेर काढायला तिनेच ती काढली. पण संस्थापक म्हणून कागदावर माझं नाव आहे, आणि कागदावर माझा फार विश्वास.

त्याच विश्वासाने मी पहिल्या महिन्यात नियमावली छापून घेतली. अकरा नियम. त्यातला चौथा माझा लाडका : 'भेटीदरम्यान कोणाकडूनही काहीही स्वीकारू नये. (चहा, पाणी, फळे, मासे इत्यादी.)' मासे हा शब्द अर्नाळ्याची पहिली फेरी करून आल्यावर घातला.

ती फेरी या म्हातारीकडेच होती. जन्म मासळी सुकवण्यात गेलेला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी गुजरातेत. एक डोळा कधीचाच गेलेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू. दार वाजवलं की आतून विचारायची, "कोन?" मी बाहेरून माझं पूर्ण नाव, संस्थेचं पूर्ण नाव आणि हुद्दा सांगायचो. सांगून होईपर्यंत शेजारच्या दोन बायका बाहेर यायच्या, हिचं दार मात्र बंदच. मग केव्हातरी कडी निघायची.

"ये. पानी पी," ती म्हणायची.

"नको आजी, नियम आहे," मी म्हणायचो, आणि फॉर्म काढायचो. फॉर्ममध्ये एक रकाना होता : 'घरात पिण्याचे पाणी उपलब्ध आहे का?' तिथे मी 'होय' लिहायचो. वर्षभर, दर बुधवारी. तिच्या उत्तरांची सरासरी लांबी एक शब्द. मी अहवालात लिहिलं, 'स्वभाव अबोल.'

मग कंडक्टर आला. पापडीतल्या एका वाडीतला, केळी आणि फुलझाडांच्या घरचा, उभा जन्म बसमध्ये काढलेला. मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, बसून कंटाळा आला. उभ्याने करायचं काही काम असेल तर द्या." मी त्याला नियमावली दिली. त्याने ती चार घड्या करून खिशात घातली, तिकिटासारखी.

एका बुधवारी मी तापाने पडलो म्हणून तो अर्नाळ्याला गेला. पुढच्या बुधवारी मी गेलो. "कोन?" आलं. मी नाव सांगायला सुरुवात केली, तोच ती आतून म्हणाली, "तो नाय आला? कंडक्टर?"

तो दोनच दिवसांत परत जाऊन आला होता म्हणे. दार वाजवून नुसतं 'मी' म्हणतो म्हणे. मीसुद्धा एकदा 'मी' म्हणून बघितलं. आतून आवाज आला, "मी कोन?" आता याचं उत्तर नावाशिवाय कसं द्यायचं ते कळेना, म्हणून परत हुद्द्यापासून सुरुवात केली.

हळूहळू मला सगळं कळत गेलं आणि प्रत्येक गोष्ट लागत गेली. ती त्याच्याशी तासभर बोलते. मुलीला फोन लावायला त्याला सांगते. लग्नाच्या वरातीत नवऱ्याचा जोडा समुद्रात पडला होता, हे त्याला माहीत होतं. माझ्या फॉर्मला जोड्यासाठी रकानाच नव्हता. तो तिला 'बाय' म्हणायचा. मी 'आजी' म्हणायचो, कारण एका प्रशिक्षणात आदरार्थी संबोधन वापरा असं सांगितलं होतं. माझं वय तेव्हा चौसष्ट. तिचं पंचाहत्तरच्या आसपास.

आणि ज्या ऑपरेशनला ती वर्षभर मला 'बगू' म्हणत होती, त्याला ती कंडक्टरच्या एका फेरीत हो म्हणाली.

विरारच्या एका दवाखान्यातून तारीख मिळाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिला चालतो तो एवढाच डोळा आहे, मोतीबिंदू फार पिकलाय, आता पुढे ढकलू नका. मी मान हलवली, आणि त्याच वेळी मनात दुसरंच ठरवलं : तिला मीच न्यायचं. पट्टी सुटेल तेव्हा पहिला चेहरा माझा दिसला पाहिजे. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठाचा फोटोसुद्धा डोळ्यांसमोर आला.

म्हणून आठवड्याचा तक्ता करताना मी त्या दिवशी कंडक्टरला भुईगावला टाकलं. तिथल्या एका मास्तरांचं ब्लडप्रेशर मोजायला, जे चांगले ठणठणीत होते आणि रोज किनाऱ्यावर चालायला जायचे.

"अर्नाळ्याला मी असतो तर बरं झालं असतं, साहेब," तो म्हणाला.

"तक्ता झालाय," मी म्हणालो. तक्ता माझ्याच हातात होता आणि शाई ओली होती.

ऑपरेशनच्या सकाळी मी रिक्षा घेऊन आठला हजर. दहापर्यंत दवाखान्यात पोचायचं होतं.

"कोन?"

मी सांगितलं. सगळं.

दार उघडलं. ती नवं लुगडं नेसून, पिशवी भरून तयार बसली होती. माझ्या मागे कुणी आहे का हे ऐकायला तिने मान तिरकी केली.

"कंडक्टर?"

"तो दुसऱ्या कामाला गेलाय, आजी. मी आहे ना."

ती पिशवी घेऊन आत गेली आणि खाटेवर बसली. "मंग मी नाय येत."

मी समजावलं. डॉक्टरांचं सांगितलं, तारखेचं सांगितलं, शेवटी नियमावलीतला सहावा, वेळ पाळण्याचा नियमसुद्धा सांगितला. रिक्षावाल्याने दोनदा भोंगा वाजवला. पावणेनऊ झाले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, त्या एका डोळ्यासकट. आज गेली तर दिसेल, नाहीतर हीच भिंत, आणि पुढे तीही नाही. आणि हे सगळं माझ्या एका तक्त्यामुळे.

बाहेर येऊन कंडक्टरला फोन लावला. तो मास्तरांबरोबर पोहे खात होता. म्हणजे तिथेही.

"साहेब, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा."

"तिच्याकडचं पाणी तुम्ही कधी प्यालात का?"

"नियम चार," मी म्हणालो.

"बाय म्हणते, त्या साहेबाला आमच्या घरचं पानी चालत नाय. बाटतो तो. वर्षभर पुढं केलं, वर्षभर नको म्हणाला. ज्याला माजं पानी चालत नाय त्याच्या हाती माजा डोळा कशाला देऊ, असं म्हणते."

रिक्षावाला माझ्याकडे बघत होता. मी तोंड फिरवलं. दर बुधवारी तिने पेला उचललेला आणि मी फॉर्म उचललेला, हे एकदम समोर दिसलं. आणि खरं सांगायचं तर, तेवढ्या लाजेतसुद्धा मनाच्या एका कोपऱ्यातून आवाज आला, की हे तिने त्याला सांगितलं, मला का नाही.

"मी येऊ का? पाऊण तास लागेल," तो म्हणाला.

"नको. उशीर होईल."

आत गेलो. या वेळी खाली बसलो, जमिनीवर, आणि गुडघे वाजले.

"बाय," मी म्हणालो. जीभ जरा अडखळली. "पाणी द्या मला."

ती हलली नाही. "तुज्या नियमात नाय."

"तो नियम मीच केलाय. मूर्खपणा केला. मला वाटलं, तुमच्याकडून काही घेऊ नये म्हणजे सेवा. दुसरं काही मनात नव्हतं."

तिने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग उठली, चाचपडत माठाकडे गेली, पेला भरून माझ्या पुढे धरला. मी एका दमात प्यालो. पाणी मचूळ होतं, किनाऱ्यावरच्या विहिरीचं असतं तसं.

"गोड आहे," मी म्हणालो.

"खारं हाय," ती म्हणाली. "खोटं नको बोलू. कंडक्टर पन खारंच म्हनतो."

"खारं आहे."

"अजून पी."

मी अजून प्यालो. तिसरा पेलाही प्यालो, कारण ती पिशवी उचलते का ते बघत होतो. तिसऱ्यानंतर उचलली. विरारला पोचेपर्यंत मला दोनदा रिक्षा थांबवावी लागली आणि दवाखान्यात आम्ही दहाच्या ठोक्याला पोचलो ते केवळ रिक्षावाल्याच्या कृपेने.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना कंडक्टरला मीच बोलावलं. एवढं मोठं मन मी दाखवलं, पण खाटेसमोरची जागा मी अडवली आणि त्याला दाराशी उभं केलं. नर्सने पट्टी काढली. म्हातारीने डोळा उघडला, मिटला, परत उघडला आणि माझ्यावरून सरळ दाराकडे बघितलं.

"कंडक्टर, तू एवढा काळा?"

"उन्हातली नोकरी, बाय."

मग ती माझ्याकडे वळली. नीट बघितलं, डोक्यापासून खाली.

"आनि तू," ती म्हणाली, "तू तर म्हातारा हायस. आनि मला आजी म्हनत होतास?"

नर्ससुद्धा हसली. फोटो काढायचा राहून गेला.

पुढच्या बुधवारी तिने आम्हा दोघांना सुक्या बोंबलांची एकेक पुडी दिली. चौथा नियम मी तोवर खोडला होता. घरी आल्यावर बायको आंघोळीला गेल्याचं बघून मी पुडी ओट्यावर सोडली आणि बोंबील मोजले. अकरा भरले. मग कंडक्टरला फोन लावला, इकडचं तिकडचं बोललो आणि सहज विचारतोय अशा आवाजात विचारलं, "तुमच्या पुडीत किती होते हो?"

"मोजले नाहीत, साहेब," तो म्हणाला. "खाल्ले."