चोपड्याच्या सिस्टरांची संध्याकाळची प्रार्थना आणि आबांची पाळी

धरणगाव स्टँडवर एसटीत बसेपर्यंत मला खात्री नव्हती की आबा खरंच येतील. आबा म्हणजे माझे वडील. साखरपुडा ठरलेला असताना ताई मठात सिस्टर व्हायला निघून गेली, तेव्हापासून ते तिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आता ती लवकरच कायमचं व्रत घेणार होती. आणि आबा अचानक म्हणाले, "चाल. मी तिले घर लई येसू."

आम्ही दर रविवारी चर्चला जाणारी माणसं. आणि सिस्टरांशी भांडून लेक घरी आणायला निघालेला बाप माझ्याच नशिबी यावा!

या रस्त्याला दुपारी डाव्या खिडकीत बसू नका, ऊन थेट तोंडावर येतं. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच केळी. बायकांना अर्धं तिकीट, आबांच्या वयाला तर फुकट, पण फुकटातही त्यांच्या कपाळावरची आठी काही हलली नाही. चोपड्याला शेवभाजी झणझणीत मिळते. आबांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली.

पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी ताईच्या मठापर्यंत शेअर रिक्षा. भरल्याशिवाय ती सुटत नाही, आणि त्या दिवशी भरता भरेना. ऊन उतरत चाललं तसा माझा जीव टांगणीला लागला. ताईनं फोनवर बजावलं होतं, "जे बोलायचं ते प्रार्थनेआधी. घंटा झाली की सकाळच्या चहापर्यंत आमच्यात कुणी बोलत नाही."

पोचलो तेव्हा घंटाच वाजत होती. आबांना खरंच आलेलं बघून दारातल्या ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मोठ्या सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला आत नेलं आणि एका बाकावर बसवलं. ताई समोरच्या बाकावर, आबांच्या अगदी पुढ्यात.

इथे स्तोत्रं समोरासमोर बसून वाचतात. एक ओळ या बाकावरच्याची, पुढची त्या बाकावरच्याची. पाहुण्यालाही पाळी येते. ज्याची पाळी, त्याची ओळ दुसरं कुणी वाचत नाही. सगळे थांबून राहतात. मला हे माहीत होतं, पण आबांना सांगायचं राहूनच गेलं.

ताईनं तिची ओळ वाचली. आता आबा. चष्मा नाकावर, पुस्तक मांडीवर उघडं, आणि नजर ताईवर. कुणी खाकरलंसुद्धा नाही. मी कोपरानं ढोसलं, उपयोग शून्य. आता हे उठून तिचा हात धरणार!

"पोटभर जेवाले भेटस का तुले आठे?" आबा मोठ्यानं म्हणाले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ताईनं मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. त्या शांत बसून होत्या.

"भेटस, आबा," ताई रडत म्हणाली. "वाचा ना आते."

आबांनी वाचलं. आवाज मधेच फाटला, पण ओळ पूर्ण केली.

जेवणात खिचडी होती. सगळं मुकाट. ताईनं वाढायला पळी पुढे केली आणि आबांनी ताट पुढे सरकवलं, दोनदा. सकाळी चहाबरोबर बोलायला मोकळीक मिळाली, तेव्हा त्यांनी छपराचे पत्रे गळतात का, एवढंच विचारलं. घरी चल म्हणाले नाहीत. परतीच्या एसटीत मी त्यांना सावलीची खिडकी दिली.

आमच्या गल्लीत शिरलो तर शेजारच्या अक्का ओट्यावरच होत्या, कुठे जाऊन आलो ते विचारायला टपलेल्या. "कोठे जाई उनात, आबा?"

आबा थांबले, उपरणं खांद्यावर नीट केलं.

"मोठी पोरना घर," ते म्हणाले.