दिव्यावरची काळी पट्टी

२०१३ च्या सुमारास मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. मी चिचगडच्या शाळेत गणित शिकवत होते आणि बाबा माझ्याजवळ राहायला आले होते. जन्मभर ते बसडेपोत मेकॅनिक होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून दर थोड्या दिवसांनी त्यांना गोंदियाला न्यावं लागे. बसनं जाताना त्यांना पायरी दिसत नसे, पण ते कोणाचा हात धरायला तयार नसत. गाडी घेण्याचं खरं कारण ते होतं.

पहिला पावसाळा निम्मा सरला आणि एके दिवशी देवरीजवळच्या चढावर गाडीची ताकद गेली. पाय दाबला तरी ती म्हशीसारखी चालायला लागली. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला होता. बाजूला घेऊन गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, तर ती नीट चालली. दिवा मात्र तसाच.

बाबा म्हणाले, "डिझेल पुरत नसन तिले. फिल्टरात पाणी असन. खालचा स्क्रू ढिला करून पाणी काढून पाह्यलं पाह्यजे."

मी ऐकलं नाही. नव्या पद्धतीची गाडी, उगाच हात लावायला नको, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गोंदियाच्या एका मोठ्या गॅरेजात गेलो. तिथला मुख्य मेकॅनिक लॅपटॉप घेऊन आला, गाडीला वायर जोडली आणि बाबांकडे बघून बोलायला लागला. गाडी माझी, चालवणारी मी, प्रश्न विचारणारी मी, उत्तरं मात्र बाबांना.

"डिझेल का प्रेशर कम बता रहा है. पंप गया."

बाबा म्हणाले, "पहले फिल्टर खोलके देखो ना. पाणी होगा."

तो हसला. नुसता नाही, बाकीच्या माणसांकडे बघून हसला. "काका, ये कंप्यूटर की गाड़ी है. आपके जमाने की बस नहीं है."

मी विचारलं, "प्रेशर कमी आहे हे मशीननं सांगितलं. पंपच गेला, हे कोणी सांगितलं?"

"मैडम, मशीन बोल रही है ना."

मी स्क्रीन बघायला पुढे झाले, तर त्यानं लॅपटॉप मिटला. शाळेत एखाद्यानं उदाहरणातली एक पायरी गाळून उत्तर लिहिलं तर मी वही परत देते. इथं मी मान हलवली आणि पंप बदलू दिला. त्या मान हलवण्याचा मला त्याच्या हसण्याइतकाच राग येतो.

चौथ्या दिवशी दिवा पुन्हा पेटला. आम्ही पुन्हा गेलो. त्यानं वायर जोडून दिवा घालवला आणि म्हणाला, "हो गया." आठवडाभरात दिवा परत लागला. तिसऱ्या खेपेला मी वैतागून म्हणाले, "हा दिवा बंद करून द्या एकदाचा." त्यानं गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली. संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा दिवा नव्हता.

त्यानंतर दोन महिने दिवा लागला नाही. अधूनमधून चढावर गाडी मंद व्हायची, पण दिवा नाही म्हणजे काही मोठं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. बाबा गाडीबद्दल एक शब्द बोलत नव्हते. घरात मिक्सर बिघडला तरी ते म्हणायचे, "दुकानात ने. मले काय समजते त्यातलं." ज्यांनी अर्ध्या जिल्ह्याच्या बसगाड्या चालत्या ठेवल्या, ते असं म्हणायचे.

मग त्यांच्या ऑपरेशनचा दिवस आला. सकाळी लवकर निघालो आणि जंगलातल्या रस्त्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. ना गाव, ना मोबाइलला रेंज. मी चावी फिरवत राहिले.

बाबा शांतपणे म्हणाले, "थांब बाई. चावी अर्धीच फिरव. आता कोणते कोणते दिवे लागले, सांग मले. मले नाही दिसत."

"हँडब्रेकचा. ऑइलचा. बॅटरीचा. गुंडाळीसारखा एक पिवळा."

"आन् इंजिनाचा?"

"तो नाही लागला."

"काऊन नाही लागला? चावी फिरवली का सगळे लागतात, गाडी सुरू झाली का विझतात. दिवा चांगला आहे हे दाखवाले असते ते. जो लागतच नाही, तो बरा आहे का मेला, कसं समजन?"

ते उतरले, बॉनेट उघडायला लावलं आणि हातानं चाचपत फिल्टर शोधला. खालचा स्क्रू ढिला करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत आतलं डिझेल काढलं आणि बाटली बॉनेटवर ठेवली. थोड्या वेळानं वर डिझेल आणि खाली मळकट पाणी असे दोन थर झाले. पाणी निम्म्याहून जास्त होतं. त्यांनी फिल्टरवरच्या छोट्या हातपंपानं डिझेल चढवलं, आणि सात-आठ प्रयत्नांनंतर गाडी सुरू झाली. तोपर्यंत ऑपरेशनची वेळ गेली होती. गोंदियाला पोचलो, तर पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली.

परत फिरताना देवरीत एका इलेक्ट्रिशियनकडून मी समोरचा मीटर उघडवून घेतला. इंजिनाच्या दिव्यावर मागून काळी चिकटपट्टी लावलेली होती. नीट कापून, मापात. पट्टी काढून गाडी सुरू केली, तर दिवा पेटलेलाच राहिला. दोन महिने तो पेटलेलाच होता. फक्त मला दिसत नव्हता.

मी पट्टी मुठीत घेतली. बाबा म्हणाले, "जाऊ दे." मी म्हटलं, "नाही जाऊ देत."

तशीच गाडी पुन्हा गोंदियाला नेली. गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. मी पट्टी त्या मेकॅनिकसमोर धरली. "ही कायले लावली?"

तो जरासुद्धा चपापला नाही. "आप ही बोले थे मैडम, बत्ती बंद करो."

ते खरं होतं, म्हणूनच मी जास्त पेटले. मी बसलेल्या लोकांकडे वळले. "तुमच्यापैकी ज्यांचा इंजिनाचा दिवा इथं बंद करून दिला असेल, त्यांनी जाऊन चावी अर्धी फिरवा. तो दिवा लागतो का, बघा."

मग धानाचा व्यापार करणारे एक वयस्कर गृहस्थ उठले, आपल्या गाडीत बसले आणि खिडकीतून ओरडले, "अरे, मेरा भी नहीं जल रहा!" पाठोपाठ सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले. बाकीच्यांचे दिवे लागत होते, पण त्या एकानं पुरे झालं. आतून मालक धावत आला आणि मला केबिनमध्ये या, चाय घ्या, म्हणायला लागला. मी गेले नाही. त्यानं पंप बदलायची मजुरी परत देतो म्हटलं. मी म्हटलं, बाबांची माफी मागा. तो मेकॅनिककडे बघायला लागला, मेकॅनिक हातातल्या पान्याकडे. माफी कोणी मागितली नाही. अजूनही नाही.

दोष सापडला तो परतताना, देवरीतच. डिझेलच्या टाकीच्या झाकणाचं रबर सडलं होतं आणि माझी गाडी उघड्यावर उभी राहायची, म्हणून पावसाचं पाणी थेट टाकीत जात होतं. टाकी धुतली, रबर आणि फिल्टर बदलला. त्यानंतर दिवा आपोआप विझला.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर बाबांनी पहिल्यांदा स्वतः बॉनेट उघडून पंप पाहिला आणि म्हणाले, "पंप खरंच नवा टाकला आहे बरं त्यानं. तेवढी लबाडी नाही केली."

मी चिडले. "तुम्ही त्याची बाजू घेऊन राहिले?"

"बाजू नाही. त्याले येत नव्हतं, बाई. आन् येत नाही म्हणाची लाज वाटली त्याले."

बाबांचं ते समजून घेणं मला आजही जमत नाही. वर्गात कोणी मला न येणारं काही विचारलं, तर मी फळ्यासमोर उभी राहून सांगते, मला येत नाही, उद्या पाहून सांगते. चाळीस पोरं ऐकत असतात. त्याला विचारणारे तर आम्ही दोघंच होतो.