शिरूरला जाणारी जीप

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला दौंडच्या आमच्या बालगृहासमोर उभी राहिलेली ती जीप आठवते. मी दहा वर्षांची होते, धाकटी बहीण पाचची. ती माझ्याशिवाय कुठंच जायची नाही. आम्हाला सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तिला घेऊन बस. दोघींनाबी शिरूरच्या बालगृहात न्यायचं हाय." मी तिला मांडीवर घेऊन बसले. मग मावशी म्हणाल्या, "तुझं दप्तर राहिलं बघ, आण पळत." मी दप्तर घेऊन आले तर जीप फाटकाबाहेर पडत होती आणि ती आतून किंचाळत होती. "तिथं एकाच पोरीला जागा हाय," मावशी माझ्याकडं न बघता म्हणाल्या. गेल्या महिन्यात बहिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण उतरलीस तर तूच ना?"