नुसतं पोट बिघडलंय

"बॅसिलरी डिसेंट्री," डॉक्टरबाई बाबांसमोरच म्हणाल्या. शिगेला नावाच्या जिवाणूमुळे होणारी रक्ताची आव. मग माझ्याकडे वळून, "खून कब से आ रहा था? तुमने तो सिर्फ पेटदर्द बताया था." बाबा खिडकीकडे पाहू लागले. मी चादरीकडे.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी, बाहेर हिंदी. या गोष्टीसाठी तिन्ही भाषांत माझ्याकडे एकच वाक्य होतं: पोट बिघडलंय.

बाबा काशीत दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंचे विधी करतात. महाराष्ट्रातले यजमान आमच्याकडेच उतरतात, जेवतात. त्या आठवड्यात साताऱ्याच्या एक काकू होत्या आणि आई रामनगरला मावशीकडे गेली होती. स्वयंपाक माझ्याकडे होता. रक्त दिसलं तरी मी पोळ्या लाटत राहिले. औषधाच्या दुकानात गर्दी होती, म्हणून तिथेही "पेट खराब है" एवढंच सांगून नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. काकू परत गेल्या त्याच संध्याकाळी मी बाथरूमबाहेर कोसळले.

वॉर्डमध्ये स्टूल कल्चर केलं. यात शौचातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघतात. रिपोर्ट येईपर्यंत सलाईन, इंजेक्शनं, ताप आणि बेडपॅन. आया ते उचलायला आली की मी डोळे मिटून घ्यायचे, जणू मग मीही तिला दिसणार नव्हते.

रिपोर्टमध्ये बहुतेक औषधांपुढे रेझिस्टंट लिहिलं होतं, म्हणजे त्या औषधाला हा जिवाणू दाद देत नाही. माझ्या गोळ्याही त्यांतच होत्या. इंजेक्शन बदललं.

"घर में खाना कौन बनाता है?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "ये हाथों से फैलता है. जिन्होंने खाया, उन्हें बता दीजिए."

त्या गेल्यावर बाबा हळू आवाजात म्हणाले, "काही झालं असतं तर काकूंचा फोन आला असता. यजमानांत एकदा बोभाटा झाला की आपल्या घरचं पाणी कोण पिणार?" मीही आजवर असंच लपवत आले होते.

नव्या इंजेक्शनाने ताप उतरला. बाबा चहा आणायला गेले तेव्हा मी काकूंना फोन लावला.

"काकू, मला रक्ताची आव झालीय. तुम्ही माझ्या हातचं जेवलात. तुम्हाला काही त्रास?"

"नाही गं. प्रवासाने नुसतं पोट बिघडलंय. तू जप."

"काकू, रक्त पडतं का?"

काकूंचा आवाज एकदम खाली गेला. "पडतंय. घरात मुलगा, सून. सांगू कुणाला? घरातल्याच जुन्या गोळ्या घेतेय."

"त्या गोळ्यांनी हा जंतू मरेलच असं नाही. आजच डॉक्टरांकडे जा. माझ्या रिपोर्टचा फोटो पाठवते, तो दाखवा. आणि रक्त पडतं म्हणून सांगा."

"मला नाही बाई जमायचं." पावलं वाजली. "सूनबाई, हा फोन धर. काशीहून आहे. ती सांगेल तुला."

मी सुनेला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मधेच बाबा चहा घेऊन आले. मी बोलत राहिले.

काकू दोन दिवस सलाईनवर होत्या, आता बऱ्या आहेत. यजमान येतात की नाही ते पुढे कळेल. बाबा अजून त्याबद्दल बोलत नाहीत. माझीही लाज गेलेली नाही. हे लिहितानाही आहे. पण तुमच्यावर ही वेळ आली तर लाजत का होईना, पहिल्याच दिवशी सांगा. लाजत सांगितलेलंही डॉक्टरांना पुरतं.