निर्व्यसनी गटातली काच

या सदरातले अनुभव मी रविवारी चहाबरोबर वाचते आणि, खरं सांगायचं तर, लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवते. अमक्याला वळणावर बाई दिसली, तमक्याच्या दारावर थाप पडली... यांची झोप झाली नव्हती का, चष्म्याचा नंबर वाढलाय का, असेच प्रश्न मला आधी पडतात. माझा धंदाच तसा आहे. जे काचेवर घेऊन भिंगाखाली ठेवता येत नाही त्यावर मी मत देत नाही. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर घरात बरीच करमणूक झाली. होऊ दे.

मी तोंडाच्या रोगांची डॉक्टर. दात काढणारी नव्हे – काढलेल्या तुकड्यांचं निदान करणारी. नगर जिल्ह्यातल्या एका डेंटल कॉलेजात शिकवते. दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब आहे, खिडकीबाहेर कडुलिंब आहे आणि वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास थेट आत येतो. सगळे नाकाला रुमाल लावतात. मी शांतपणे डबा खाते, कारण मला वास येत नाही. कोरोना झाला तेव्हा गेला, तो परत आलाच नाही. दोनदा दूध करपलं, एकदा गॅस चालू राहिला, आता घरात शिळं-ताजं नवरा ठरवतो. फॉर्मलीनच्या बरण्यांत दिवस काढणाऱ्या बाईला नाक नसणं म्हणजे सोयच, असं मी हसून सांगते. वाईट वाटतंच, पण ते कुणाला सांगत बसत नाही.

तोंडातली जखम हा माझा अभ्यासाचा विषय. नडगीवर खरचटलं तर खपली धरते, डाग राहतो. तेवढीच जखम गालाच्या आतून झाली तर पंधरा दिवसांत कुठे होती ते शोधावं लागतं. हे कसं होतं आणि तंबाखूने त्यात काय बिघडतं, हे आम्ही बघत होतो. त्यासाठी दोन गट केले होते. एक व्यसन असलेल्यांचा, दुसरा निर्व्यसनी. फॉर्म मीच तयार केला. वर एक चौकट, ‘व्यसन: आहे / नाही’. खाली, ‘असल्यास पुढील माहिती भरा’, आणि मग तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी, सगळं ओळीने. फार व्यवस्थित फॉर्म झालाय असं मला वाटत होतं.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात आमचं शिबिर झालं. तिथली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, म्हणून आम्ही मुद्दाम त्याआधी गेलो. तिथे कौसाबाई भेटल्या (नाव बदललंय). वय पन्नासच्या आसपास, अंगाने काटक, बोलणं तुटक. डावीकडची खालची दाढ तुटून तिची धार गालाला घासत होती आणि तिथेच, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, पांढरा चट्टा होता. कॉलेजात बोलावून दाढ काढली, चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला घेतला. फॉर्मवर इंटर्न मुलीने लिहिलं होतं, ‘व्यसन: नाही’. निर्व्यसनी बाई, धारदार दाढ, घासून झालेला चट्टा. गणित सरळ होतं.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यांची काच मी मायक्रोस्कोपवर लावली. वरचा थर जाड झालेला, बाकी पेशी शहाण्यासारख्या रांगेत. घासून होतं तसंच. ‘धोका नाही’ लिहायला मी पेन उचललं... आणि मला शिंक आली.

वास येत होता.

दोन-अडीच वर्षांनी पहिल्यांदा मला वास येत होता, आणि तो मिश्रीचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तव्यावर तंबाखू भाजून काळी करतात, मग चुरून तिची पूड करतात आणि बायका ती सकाळी दाताला लावतात. कोल्हारला, माहेरी, माझी आई मागच्या अंगणात फुटक्या तव्यावर भाजायची. काळी पडायच्या जरा आधी तिचा एक वास सुटतो. घशात जाऊन बसतो, डोळ्यात पाणी आणतो. अगदी तो क्षण, तोच वास. मला आधी इतका आनंद झाला की मी सॅनिटायझरची बाटली उघडून नाकाला लावली. काही नाही. चहाचा कप. काही नाही. परत मायक्रोस्कोपवर वाकले, की मिश्री.

काच काढली, वास गेला. काच लावली, आला.

आता यात शक्य काय होतं ते बघा. तो तुकडा रात्रभर फॉर्मलीनमध्ये होता. मग अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. त्याचा केसापेक्षा पातळ काप, त्यावर रंग, वरून काचेचं झाकण. त्या तुकड्यावर अत्तराची बाटली ओतली असती तरी काही उरलं नसतं.

आमच्या लॅबचे टेक्निशियन गाडेकाका. सव्वीस वर्षं काप काढतायत, मी शिकत होते तेव्हापासून. त्यांना बोलावलं.

“काका, कसला वास येतोय का?”

त्यांनी हुंगून पाहिलं. “मळीचा. रोजचाच.”

“मिश्रीचा?”

“मॅडम, तुम्हाला वास येतो?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “कधीपासून?”

“दहा मिनिटांपासून.”

मी हट्टी आहे. माझ्या स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायला मला पुरावा लागतो. काकांना म्हटलं, दहा काचा घ्या, नंबरांवर चिकटपट्टी लावा, मी डोळे मिटते, तुम्ही एकेक लावत जा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण केलं. मी मिटल्या डोळ्यांनी वाकत होते आणि ‘ही नाही’, ‘ही नाही’ म्हणत होते. सातव्या वेळी मी म्हणाले, ‘ही’. काकांनी पट्टी काढली. कौसाबाई. पुन्हा पिसल्या, पुन्हा तीच. तिसऱ्यांदाही तीच. चौथ्या फेरीत मी दहाही काचा हुंगून म्हणाले, “काका, यात ती नाहीच.”

काकांनी खिशातून काच काढून टेबलावर ठेवली. “बघत होतो,” म्हणाले. मग बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिले.

फॉर्म पुन्हा काढला. व्यसन: नाही. खालचे सगळे रकाने कोरे. दिलेला नंबर लावला, तो त्यांच्या नवऱ्याचा, नामदेवभाऊंचा निघाला. त्यांनी फोन बाईंकडे दिला.

“कौसाबाई, तुम्ही मिश्री लावता का?”

“लावते की. का वं?”

“कुठे लावता?”

“दाताला. आन मंग डाव्या अंगाला गालात धरायची वाईच. तिकडं बरं वाटतं.”

“मग त्या दिवशी मुलीने विचारलं तेव्हा ‘नाही’ का सांगितलं?”

“त्या पोरीनं इचारलं, काई व्यसन हाय का. मला कशाचं व्यसन, मॅडम? दारू न्हाई, तंबाकू न्हाई. मिश्रीनं तर त्वांड धुत्यात.”

मी फोन कानाला लावून कोऱ्या रकान्यांकडे बघत राहिले. संध्याकाळी आईला हाच प्रश्न विचारला, तुला काही व्यसन आहे का? चाळीस वर्षं मिश्री लावणारी माझी आई म्हणाली, “गप गं, शत्रूला नसावं. मला कसलं?” मिश्रीच्या घरात वाढलेली मी, आणि तो रकाना ‘व्यसना’च्या खाली मीच टाकला होता. त्या चौकटीने किती बायका निर्व्यसनी करून टाकल्या असतील, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

पण ते संध्याकाळी. दुपारी त्याच फोनवर बाई सहज म्हणाल्या, “आमी बेस्तरवारी निघतो. टोळीचा ट्रॅक्टर सांगितलाय.” म्हणजे गुरुवारी, हातात तीन दिवस. माझा कागद ‘धोका नाही’ म्हणाला असता तर त्या पाच महिने उसाच्या फडात, मिश्री गालात धरून. मी म्हटलं, मी फोन केल्याशिवाय निघू नका. म्हटलं खरं, पण कशाच्या जोरावर? काचेवर तर काही नव्हतं.

मिश्री लावते एवढं कारण खोलवरचे काप काढायला पुरेसं होतं. तरी आमच्या विभागप्रमुख सरांनी चिमटा काढलाच. गाडेकाकांनी त्यांना वासाचं सांगून टाकलं होतं. “मॅडम, आता नाकाने रिपोर्टिंग का? मग मायक्रोस्कोप परत करू.” पण अडचण वेगळी होती. मेणात बसवलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. खोल कापत गेलं की तो संपतो. काहीच सापडलं नाही तर पुन्हा बघायलाही उरत नाही, आणि एका बाईला मी उगाच घाबरवून बसवलं असं होतं. काकांनी विचारलं, “किती खोल?” मी म्हटलं, “संपेपर्यंत.”

मंगळवारी दुपारी काका नव्या काचा घेऊन आले. पहिली, तीच शहाणी रांग. दुसरी, तीच. मिश्रीचा वास मात्र वाढत चालला होता, इतका की माझे डोळे झोंबायला लागले. तिसऱ्या काचेत, एका कडेला, रांग मोडलेली होती. पेशी वेड्यावाकड्या, आणि एक बारीकसा कोंब खालच्या थरात उतरलेला. अगदी सुरुवातीचा, पण कॅन्सर.

मी सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, उठले, पुन्हा बसून पाहिलं. चिमटा काढला नाही.

मी डोळे पुसले तेव्हा लक्षात आलं, वास गेला होता. बाकीच्या काचा लावून पाहिल्या, सोमवारचीसुद्धा. काही नाही.

नामदेवभाऊंना फोन केला आणि जे होतं ते सरळ सांगितलं.

“मॅडम, कोयता म्हंजी नवरा-बायकू दोघं,” ते म्हणाले. “ती न्हाई आली तर मी एकला फडात काय करू? मुकादमाला शब्द दिलाय. हंगाम झाल्यावर केलं तर न्हाई जमायचं?”

“भाऊ, आत्ता केलं तर डॉक्टर गालाचा एवढासा भाग काढतील आणि त्या घरी जातील. पाच महिन्यांनी किती काढावं लागेल ते मला सांगता येणार नाही. त्यांना वाचवता येईल का तेही नाही.”

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, “तिलाबी इचारतो.” फोन तसाच चालू होता. बाईंचा आवाज आला, “काय म्हनत्यात?” त्यानंतरचं मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने भाऊ परत आले. “उद्याच्या पहिल्या यष्टीनं आनतो.”

टोळी त्यांच्याशिवाय गेली. शस्त्रक्रिया झाली, कडेचा सगळा भाग स्वच्छ निघाला, गळ्यात गाठ नव्हती. जखम बघायला मी रोज वॉर्डात जायचे. तिसऱ्या दिवशी पिवळट साय, आठव्याला कडेने गुलाबी रंग आत सरकताना, आणि तीन आठवड्यांनी ओलसर, तुकतुकीत नवा गाल. इतकी वर्षं हे बघतेय, पण त्या वेळी मी कौसाबाईंसमोर उभी राहून रडले. त्या म्हणाल्या, “बरं झालंय न्हवं? मंग रडता कशाला?”

कान-नाक-घशाची डॉक्टर असलेल्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, वास गेलेल्या माणसाला कधी कधी नसलेले वास येतात, त्याला नाव आहे. मी विचारलं, नसलेला वास दहा काचांतली एकच ओळखतो? जे फॉर्मवर नाही ते ओळखतो? ती म्हणाली, याला नाव नाही. कुणी म्हणतं तुझ्या डोळ्यांना कोपऱ्यात काही दिसलं असेल, मन नाकाकडून बोललं. पण पहिल्या काचेत काही नव्हतंच. ती काच नंतर तीन जणांनी तपासली. आणि चाचणीत माझे डोळे मिटलेले होते.

फॉर्म मी बदलला. आता पहिला प्रश्न आहे, ‘सकाळी दाताला काय लावता?’ आधीच्या सगळ्या बायकांना पुन्हा विचारून घेतलं. निर्व्यसनी गट जवळपास रिकामा झाला. आमचा अभ्यास वर्षभर मागे गेला, त्याचं मला काही वाटलं नाही.

गेल्या महिन्यात कौसाबाई तपासणीला आल्या. तोंड उत्तम. जाताना पिशवीतून पत्र्याची डबी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. घरात असली की हात जातो.” मग दारापर्यंत जाऊन वळल्या. “मॅडम, मी तर सांगितलंच न्हवतं. तुमाला कसं कळलं?”

त्या दिवसापर्यंत मी कुणाही पेशंटला हे सांगितलं नव्हतं. “वास आला,” मी म्हटलं.

त्यांना जराही नवल वाटलं नाही. “येनारच की,” त्या म्हणाल्या. “माझी मिश्री लई कडक भाजलेली असती.”

त्या गेल्यावर मी डबी उघडली. काळीभोर पूड, काठोकाठ. नाकाशी धरली, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. पलीकडच्या टेबलावर गाडेकाका शिंकले आणि म्हणाले, मॅडम, झाकण लावा.

मला कसलाच वास आला नाही.