आखाताचं नाव

नव्वदच्या दशकात मी अबुधाबीतल्या एका इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. एका सकाळी मुख्याध्यापिकेनं स्टाफरूममध्ये नव्या ॲटलासचा गठ्ठा आणि काळे मार्कर आणून ठेवले. म्हणाली, "आखाताच्या नावातलं 'पर्शियन' खोडायचं. सगळ्या प्रतींत. यल्ला, चला, लागा कामाला!"

मी हबकलेच. पलीकडच्या किनाऱ्यावर एवढा थोरला इराण, त्याच्याशी इथल्या सरकारचं बेटांवरून भांडण, म्हणून इथे त्या पाण्याला 'अरेबियन'च म्हणायचं, हे मला ठाऊक होतं. पण भूगोलाच्या बाईनंच नकाशाला काळं फासायचं?

"मॅडम, मुलं विचारतील ना!" मी तणतणले.

"कोणी विचारणार नाही," ती शांतपणे म्हणाली.

आणि खरंच, अख्ख्या वर्गात एकानंही विचारलं नाही. एरवी पेन्सिल तुटली तरी हात वर करणारी कार्टी! मी दिवसभर धुमसत होते.

घरी हॉलमध्ये आम्ही पुण्याहून आणलेला मराठी नकाशा टांगला होता. त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'इराणचे आखात'. लहानपणी शाळेत आम्ही तेच पाठ केलेलं.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला आणि त्या नकाशासमोर थबकला. निळ्या पाण्यावर काळा पट्टा होता, अजून ओला. मार्कर माझ्याच हातात होता.

"अगं, हे करायला कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही."

"आणि इथे मराठी वाचणार तरी कोण होतं?"