आयांचा तास

“पुढच्या वर्षीपासून हे बंदच करायला हवं. पोरी काय केजीत आहेत?” दारापाशी एक तरुण मॅडम दुसरीला म्हणत होत्या. मी आईला घेऊन त्यांच्या मागूनच वर्गात शिरले.

घाटकोपरच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात वर्षाच्या पहिल्या तासाला आईसोबत बसायचं असतं. ज्यांची आई नाही त्या मावशीला आणतात, एकीने सासूला आणलं होतं. माझी आई विक्रोळीहून ठेवणीतला ड्रेस घालून आली होती. बाक तिला अरुंद होत होता, तरी ती ताठ बसली.

हे कोणी आणि कशासाठी सुरू केलं असेल, ते मला काही केल्या कळेना. मी इंग्रजी शाळेतली. तिथे आईवडील फक्त मार्क बघायला यायचे. हात वर करून विचारायची सवय मला नाही, पण इतिहासाच्या वयस्कर मॅडमनी आपणहूनच सांगितलं. सुरुवातीच्या काळात फॉर्मवर वडिलांची सही सहज मिळायची. मुली गळायच्या मधेच. पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार, हे घरात आई ठरवायची, आणि कॉलेज म्हणजे नेमकं काय ते तिने कधी पाहिलेलंच नसायचं. म्हणून आयांना वर्गात बसवायचं ठरलं. काही जणी दुसऱ्या दिवशीही आल्या, मागच्या बाकावर पावटे सोलत बसल्या. त्यांना स्वतःचंही नाव कॉलेजात घालायचं होतं, पण बहुतेकींची शाळा चौथीतच सुटलेली.

पावट्यांवर सगळा वर्ग हसला. आई हसली नाही. ती मॅडमकडे एकटक बघत होती. बारावीचा निकाल लागला त्याच महिन्यात तिचं लग्न झालं. तिचं ते प्रमाणपत्र अजून आमच्या कपाटात आहे, रेशनकार्डाच्या वर.

तिने मला कोपराने ढोसलं. घाबरली की ती मालवणीवर येते.

“इचार गो, आता आमका घेतत काय?”

मी म्हटलं, तूच विचार ना.

“माका नाय जमाचा. तू इंग्लिशात इचार.”

मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवू लागले. सगळ्या वळून बघतील, आणि मॅडम नाही म्हणाल्या तर आईला सगळ्यांसमोर ते ऐकावं लागेल. पण त्या पावटेवाल्या बायकांचं पुढे काय झालं असेल, हेही डोक्यातून जाईना. त्यांच्या मुलींनी कधी त्यांच्यासाठी विचारलं असेल का?

बेल झाली. बाक सरकले. मॅडम पुस्तकं गोळा करू लागल्या. आईने पर्स काखेत घेतली आणि आता राहू दे, अशी मान हलवली.

मी उभी राहिले. इंग्रजी वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते निघालंच नाही.

“मॅडम, माझी आई बारावी पास आहे. तिला इथे शिकायचंय. तिच्यासाठी फॉर्म कुठे मिळेल?”